मारुतीने घातलेली भर

तागडीचं पारडं खाली गेलं आणि देवळापुढची दीड-दोनशे माणसं एकदम पुढे सरकली. मागच्यांना काही दिसत नव्हतं, तरी हात त्यांनी आधीच जोडले होते. "दीड शेर दोन छटाक," महादेवरावांनी ओरडून सांगितलं. महादेवराव म्हणजे देवस्थानचे पंच, गावातले मोठे शेतकरी, त्यांच्या शब्दाला वजन. मागच्या शनिवारी हेच गाठोडं दीड शेर एक छटाक भरलं होतं. पहिल्या दिवशी सव्वा शेर होतं, आणि शेर म्हणजे सोळा छटाक.

"बँक व्याज देते कागदावर," चंद्रभान पैलवान म्हणाला, "माहा देव देते वजनावर. ज्यानं द्रोणागिरी उचलला, त्याले तुमच्या शंभर रुपयांचं काय ओझं? अकरा शनिवार भरू द्या. एकाचे दोन नाई झाले तं या पैलवानाचं नाव बदलून टाका."

वर्धा जिल्ह्यात सेलूजवळच्या आमच्या गावात १९५५ सालच्या त्या हिवाळ्यात दुसरा विषयच उरला नव्हता. चंद्रभान आमच्याच गावचा. दहा वर्षांपूर्वी नागपूरच्या कुस्त्यांच्या दंगलीत त्याने पंजाबच्या मल्लाला चीत करून चांदीचा बिल्ला मिळवला, तेव्हा त्याची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती. ती कुस्ती मी डोळ्यांनी पाहिली होती. पुढे त्याने पुलगावला तेलघाणी काढली, भागीदार गोळा केले, त्यांनीच त्याला लुबाडलं, आणि तीन वर्षांत दिवाळं निघालं. वर्ध्याच्या कोर्टाने त्याला नादार ठरवलं. गावी परतून तो मारुतीच्या देवळात राहू लागला आणि पंधरा दिवसांतच मारुतीने त्याला दृष्टांत दिला. नादार माणसाला देव नेमका पैशाचाच दृष्टांत कसा देतो, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रीत अशी होती. प्रत्येकाने घरचा शेरभर कापूस आणायचा, सरकीसकट, कारण "देवाले घरचं पीक पाह्यजे." त्यात नोटांची पुडी ठेवायची, नाणी चालत नाहीत. वर कापराची वडी, मग लाल खारव्याचं कापड, आणि गाठीवर लाखेची मोहोर. मोहोर म्हणजे पैलवानाचा तोच चांदीचा बिल्ला, तापलेल्या लाखेवर दाबलेला. गाठोडी गाभाऱ्यात मूर्तीमागच्या कोनाड्यात राहायची. किल्ली पैलवानाजवळ. अकराव्या शनिवारच्या आत ज्याने गाठ सोडली, त्याच्या घरावर कोप.

मी त्या गावचा शाळामास्तर. मला हे सुरुवातीपासूनच खोटं वाटत होतं आणि मी गप्प बसलो होतो. ज्याला खांद्यावर घेऊन नाचलो, त्याला चोर म्हणायला जीभ उचलत नव्हती.

पण गोष्ट नलूवर आली. नलू माझी विद्यार्थिनी, विधवा देवकाबाईची एकुलती एक. सातवी पहिल्या वर्गात पास झाली होती, आणि नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाला तिला जागा मिळाली होती. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी दीडशे रुपये भरून हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. देवकाबाईने पाच वर्षं कापूसवेचणी करून ते दीडशे जमवले होते. ते आता मारुतीच्या पाठीमागे वाढत होते. पत्र यायच्या आधीच तिने गाठोडं ठेवलं होतं.

म्हणून त्या सहाव्या शनिवारी मी घरून तयारीने गेलो होतो. "पैलवान," मी म्हणालो, "तागडी तुमची, वजनंही तुमची. मी सेलूच्या धान्यवाल्याकडून सरकारी शिक्क्याची आणलीत. यांच्यावर मोजा."

वाटलं होतं, गडी गडबडेल. तो हसला. "मोजा ना मास्तर. तुमच्या हातानंच मोजा."

मी मोजलं. दीड शेर दोन छटाक. परत मोजलं, तेवढंच. तागडी खरी होती, वजनंही खरी होती. लोकांनी अशी खिल्ली उडवली की चार दिवस मला शाळेच्या वाटेने जायची चोरी झाली. "मास्तर, तुमच्या वजनाले बी मारुती पावला," बाबाराव न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर सांगितलं.

आठवडाभर मला चैन पडली नाही. वर्गात पाढे म्हणवून घेता घेता मी थांबायचो. नोटांना वजन नसतं, पाव छटाकही नाही. नोटा दुप्पट झाल्या तरी पारडं हललं नसतं. मग सहा छटाक वाढलं काय? आणि पैलवान नाणी का चालू देत नाही? गुरुवारी नलू शाळेत येऊन उभी राहिली. "मास्तर, माय म्हणते चार-पाच शनिवारच ऱ्हायले. पण जागा थांबन का?" मी म्हणालो, बघू. यापेक्षा नालायक उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल.

शुक्रवारी सेलूचा कापसाचा बाजार. पहाटे मी ओढ्यावर निघालो तर महादेवरावांची गाडी पाण्याकाठी उभी. गाडीवर कापसाचा ढीग, आणि पंच स्वतः बादलीत लिंबाचा डहाळा बुडवून ढिगावर सपासप पाणी शिंपडत होते. मला पाहून ओशाळले, पण हात थांबला नाही.

"सारेच करतात मास्तर. व्यापारी काट्यात मारते, आपण पाण्यात मारतो. मणाले दोन शेर भर पडते."

"वरून कळत नाही?"

"थोडं थोडं शिंपडावं लागते. कापूस पाणी पिऊन घेते, वरून कोरडाच दिसते. फक्त सरकी दाताखाली धरली तं समजते. सुकी असली तं कट्ट वाजते. ओली असली तं मुकाट दबते."

मी तिथेच ओल्या दगडावर बसलो. हा माणूस, जो दर शुक्रवारी व्यापाऱ्याला पाणी विकतो, तोच दर शनिवारी देवळापुढे उभा राहून पाण्याचं वजन ओरडून सांगत होता आणि त्याला मारुतीची कृपा म्हणत होता. अख्खं गाव या एका विद्येत पारंगत. फक्त देवळाची पायरी चढताना प्रत्येक जण ती चपलांबरोबर बाहेर ठेवत होता. मारुतीच्या स्नानासाठी पैलवान रोज पहाटे कळशी घेऊन गाभाऱ्यात शिरायचा, आणि गाभाऱ्यात पाणी दिसलं तर कोण संशय घेणार? ओलीचा कुबट वास दाबायला कापूर होताच.

संध्याकाळी मी देवकाबाईकडे गेलो, सगळं समजावून सांगितलं. ती चुलीकडे पाहत ऐकत होती.

"तुमचं खरं असन मास्तर. पण खोटं निघालं तं? कोप माह्या पोरीवर होईन. माह्यावर होत असता तं आताच गेली असती सोडाले."

मी निघालो. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही, कारण तिच्यापाशी एकच पोर होती आणि माझ्यापाशी नुसता तर्क.

सातव्या शनिवारी गर्दी दुप्पट. देवकाबाईचंच गाठोडं मोजायला निघालं. पावणेदोन शेर. बजरंगबलीचा जयजयकार झाला. मी पुढे होऊन म्हणालो, "एक गाठोडं सोडून दाखवा. एकच."

"सोडू की," पैलवान म्हणाला. त्याने ते गाठोडं हातात उंच धरलं. "ज्याच्या घरावर कोप चालते, त्यानं पुढं यावं. कोण येते?"

सगळे पायाकडे पाहू लागले. मग बायकांच्या घोळक्यातून देवकाबाई उठली. हातात गवत कापायचा विळा होता. घरूनच घेऊन आली होती.

"भाऊ, मले द्या ते. माहं हाय."

"देवकाबाई, चारच शनिवार ऱ्हायले. पोरीचा इचार कर."

"तोच करून राह्यले," ती म्हणाली. "सोमवारी तिले नागपूरले जायचं हाय. तुमचा देव चार शनिवार थांबते, दवाखाना थांबत नाई."

तिने विळा गाठीत घातला. लाख फुटली, खारवा फाटला, कापूस बाहेर आला. वरून पांढराशुभ्र, कोरडा दिसणारा. तिने आत हात घालून पुडी काढली. पुडीत जुन्या वर्तमानपत्राचे कपटे होते, नोटांच्या मापाने नीट कातरलेले.

कोणी काही बोलायच्या आत पैलवान गरजला, "पाहा, कोप झाला! देवानं नोटांचा कागद केला!" आणि खरं सांगतो, चार-दोन माथी लगेच जमिनीला टेकली.

मी आतल्या कापसाचा एक बोंडाएवढा पुंजका घेतला आणि महादेवरावांच्या तळहातावर ठेवला. "पंच, याचा भाव सांगा."

तीस वर्षांची सवय. विचार करायच्या आधीच त्यांनी सरकी दाताखाली धरली. आवाज आला नाही.

"ओला हाय," ते म्हणाले. "शेराले अर्धा शेर पाणी हाय यात." आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

मग ज्याने त्याने आपापलं गाठोडं ओढून फाडलं. देवळाच्या ओट्यावर ओल्या कापसाचा ढीग पडला, आणि ज्याच्या त्याच्या दातात सरकी. नोटा कुठेच नव्हत्या. मोहोर पैलवानाचीच, गाठ सोडून परत बांधायला त्याला कोण अडवणार, आणि नाणी काढली असती तर वजन घटलं असतं, नोटांच्या जागी कपटे गेले तरी पारडं हलत नाही. चार तरुण पैलवानाच्या अंगावर धावले. त्याने मनात आणलं असतं तर चौघांना एका हाताने लोळवलं असतं. तो खाली बसला. मी मध्ये पडलो, मारू दिलं नाही.

"दिवाळं निघालं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवा मीठभाकर मागाले गेलतो, तं एकानं दार उघडलं नाई. मारुतीचं नाव घेतलं तं रांगा लागल्या. मी काय करू मास्तर?"

मला त्याची कीव आली. रागही आला. त्याला लुबाडणारे भागीदार पुलगावात होते आणि त्याने लुबाडली ती वेचणीवाली बाई. पोलिसांनी त्याच्या पेटीतून जे काढलं ते गावाच्या ठेवीचा चौथा हिस्साही नव्हतं. बाकीचं तेलघाणीच्या सावकारांनी गिळलं होतं, आणि जे सापडलं तेही खटला संपेपर्यंत सरकारजमा. मी माझ्याजवळचे चाळीस दिले, महादेवरावांनी मान खाली घालून तीस दिले. उरलेले ऐंशी दोन दिवसांत जमले नाहीत. नलूची जागा दुसरीला गेली.

वर्ध्याच्या कोर्टात साक्षीला गावातून पहिली देवकाबाई उभी राहिली. पैलवानाच्या वकिलाने तिला विचारलं, "बाई, गाठ सोडताना देवाच्या कोपाची भीती नाही वाटली?"

"वाटली ना साहेब. पण पोरगी घरी बसली, याच्याहून मोठा कोप कोन्ता देव करन?"

मी मागच्या बाकावर बसलो होतो, आणि तो प्रश्न मला वकिलापेक्षा जास्त लागला. देवकाबाईला भीती होती तरी तिने विळा उचलला. मला कशाचीच भीती नव्हती आणि मी पाच शनिवार तोंड मिटून पाहत राहिलो.

वाचकहो, तुमच्या गावात कोणी बांधलेली गाठ सोडू नका म्हणाला, तर ती त्याच दिवशी सगळ्यांसमोर सोडायला लावा. सांगणारा कितीही मोठा असो, तुमच्या कितीही आवडीचा असो. उशीर केलात तर कोणाची तरी पोरगी घरी बसते.