हा जुना नव्हे

डॉक्टरनं ते खुशखबर दिल्यासारखं सांगितलं आणि धम्मशीलाचं डोकं तिथंच सणकलं.

"मॅडम, हा जुना नाही. छातीचा कॅन्सर तुमचा पूर्ण बरा झालाय. हा आतड्याचा आहे. वेगळा, नवीन."

"मग पेढे वाटू का?" तिनं विचारलं.

परभणीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्टचे कागद चाळायला लागला. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, धम्मपालनं, तिच्या वतीनं माफी मागितली. त्याचा तिला आणखी राग आला.

धम्मशीला मानवतजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. नऊ वर्षांपूर्वी तिचा एक स्तन काढला होता. केस गेले, नखं काळी पडली, वरणाला लोखंडाची चव यायला लागली. ते सगळं तिनं दात आवळून सोसलं आणि परत फळ्यापुढं उभी राहिली. तेव्हापासून एकही तपासणी तिनं चुकवली नव्हती. तंबाखूची मिसरी तिनं कधी लावली नव्हती, बाहेरचं तेलकट खाल्लं नव्हतं, सांगितलेली गोळी रोज न विसरता घेतली होती. ज्या दुखण्याला एवढं दिलं, त्यानं जाताना निदान दार तरी लावून घ्यायला पाहिजे होतं, असं तिला वाटत होतं.

परतीच्या एसटीत धम्मपालनं पाथरीला बहिणीला फोन लावला. गाडीच्या आवाजावर मात करायला तो ओरडून बोलत होता. "अक्का, जुनंच उलटलं बघ," तो म्हणाला. पुढच्या सीटवरच्या दोन बायांनी मागं वळून पाहिलं. धम्मशीलानं त्याच्या हातातला फोन घेतला आणि बंद केला.

"उलटलं न्हाई. दुसरा हाय."

"एकच की ते," तो खिडकीकडं बघत म्हणाला.

एकच नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात, शेजारी, धम्मपाल नोकरीला होता त्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सगळीकडं तेच पसरलं, की बाईंचा जुना आजार परत आला. शाळेत मुख्याध्यापकांनीही तसंच म्हटलं. तिनं त्यांना भर स्टाफरूममध्ये सुनावलं, की जुना मी संपवलाय, त्याचं श्रेय कुणी काढून घ्यायचं काम नाही. त्यानंतर डबा खायला तिच्या बाकावर कुणी बसेना. तिला ते बरंच वाटलं.

रविवारी चांगुणाबाई पाथरीहून आली. ती धम्मपालची थोरली बहीण. आईच्या मागं तिनंच त्याला वाढवलेलं, त्यामुळं या घरात तिचा शब्द चालायचा. दुखणं टळावं म्हणून तिनं बुद्धविहारात परित्राण पाठ ठेवायचं ठरवून टाकलं होतं, कुणाला न विचारता. पिशवीतून कसल्याशा पाल्याचा रस काढून तिनं तो ग्लासात ओतला, धम्मशीलासमोर ठेवला आणि चौकशी सुरू केली. शाळेतली खिचडी खात होतीस का. चहा किती प्यायचीस. रात्री जागून वह्या तपासायची काय गरज होती. धम्मशीला भिंतीला टेकून ऐकत होती. पोटात कळ आली की तिचा पदर धरलेला हात घट्ट व्हायचा.

"त्या वक्ताला परहेज नीट पाळलं असतंस तर परत कशाला आलं असतं?" चांगुणाबाई शेवटी म्हणाली. "एकट्या तुलाच कसं दोनदा होतंय, शीला?"

धम्मशीलानं ग्लास उचलला, मोरीत रिकामा केला आणि विसळून पालथा घातला. मग दारात जाऊन नणंदेच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"अक्का, दोनची गाडी मिळंल तुमाला."

चांगुणाबाईनं भावाकडं पाहिलं. भाऊ खाली बघत होता. तिनं पिशवी उचलली आणि ती गेली.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत धम्मपाल थांबला. मग त्याचा आवाज चढला. जिनं मला आईची माया दिली तिला तू हाकललंस, तुझं दुखणं काय आमी दिलंय का, घरात माणसानं कसं ऱ्हायचं, असं बरंच. धम्मशीलानं त्याला बोलू दिलं. तो दमला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं होतं, तरी तुमी लोकांला खोटं का सांगायलात?

तो बाजेवर बसला.

"जुना म्हणलं की ओळखीचा वाटतोय," तो म्हणाला. "त्याला एकदा घालवलंय आपण. दुसरा आला म्हणल्यावर उद्या तिसराबी यील. मग मी कुठवर पुरायचं, शीला?"

तिला दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. पण आतून सगळं तापलेल्या तव्यासारखं होतं.

"मग लोकांला सांगा की मला भेव वाटायलंय. तुमचं भेव झाकायला माझी चूक कशाला दाखवता?"

त्यानं तिच्यासमोर बहिणीला फोन लावला. हा दुसरा आजार आहे, शीलाची काही चूक नाही, मीच भ्यालो, असं तो अडखळत बोलला. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. पाठ काही झाला नाही. चांगुणाबाई त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही.

ऑपरेशन नांदेडला झालं. गाठ पूर्ण निघाली, पण आतडं जुळून येईपर्यंत पोटाला शौचाची पिशवी लावून ठेवली. शुद्धीवर येऊन तिनं ती पाहिली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. घरी आल्यावर अशक्तपणामुळं तिला नीट वाकता येत नसे, म्हणून पिशवीचं काम धम्मपालकडं आलं. पहिल्या दिवशी त्याला उलटी झाली. तिनं त्याला धीर दिला नाही. दुसऱ्या दिवशी तो नाकाला रुमाल बांधून आला, तर तिनं तो काढायला लावला.

औषधांचे डोस चालू आहेत. हा आजार संपेल की नाही ते डॉक्टर सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. शाळेत ती दिवाळीनंतर जाणार आहे, खुर्चीवर बसून शिकवायची मुख्याध्यापकांची सवलत तिनं नाकारली आहे.

काल सकाळी धम्मपालनं कातडी पुसली आणि नवीन पिशवी बसवली. तिनं बोटानं कड चाचपून पाहिली.

"हितून सुटायलीय. परत करा," ती म्हणाली.

त्यानं ती काढली, आणि गरम पाणी आणायला आत गेला.