पोफळीखालचं धन

"वाजलं! वाजलं!"

ठमाबाईच्या वाडीत साठ-सत्तर माणसं एकदम ओरडली. भूमीनाथ महाराजांनी पोफळींखाली धातू शोधायचं मशीन फिरवलं की ते कोकलायचं; अंगणात नेलं की चिडीचूप. आठ दिवस हाच तमाशा चालला होता. बोर्लीच्या बाजारातून रिक्षा भरभरून माणसं येत होती.

"वीस फूट खोल बघतं हे यंत्र!" महाराज गरजले. "खाली सोन्याचा हंडा आहे! पण धन जिवंत असतं, बरं का. परकी सावली पडली की सरकतं. सोन्याला सोनंच ओढतं! उद्या दुपारी आईच्या पाटल्या मी इथे पुरणार. त्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे."

आई म्हणजे ठमाबाई. नवरा गेला, मुलगा प्रथमेश न्हावा शेवाला कंटेनर यार्डात, तो गणपतीला तेवढा येतो. नवऱ्याने केलेल्या त्या दोन पाटल्या, एवढंच सोनं तिच्याजवळ उरलेलं.

आणि मी बापू, आयटीआयमधला निवृत्त मास्तर. रविवारचे पर्यटक गेले की मी मशीन घेऊन वाळूत पडलेली नाणी शोधतो. बाटल्यांची बुचंच जास्त मिळतात, म्हणून गाव मला 'बूचमास्तर' म्हणतं. म्हणेना का! बायको, सरोजिनी, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मशीन निदान अधूनमधून आवाज तरी देतं.

माझं पहिलं मशीनही असंच खोलीच्या फुशारक्या मारणारं होतं. मी भुललो. ओल्या वाळूवर नेलं की नुसत्या खाऱ्या पाण्याला बोंबलायचं मेलं! दुसरं घेतलं ते खोल कमी जातं, पण खारेपणा ओळखून गप्प बसतं, आणि लोखंड कुठलं, नाणं कुठलं ते आकड्यात दाखवतं. मशीन किती खोल बघतं हे दुकानदार न विचारता सांगतो. ते काय ओळखून गप्प बसतं, हे आपण विचारायचं असतं.

त्या दिवशी सगळे जमिनीकडे बघत होते. मी वर पाहिलं. पोफळींच्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या.

"ठमा, ह्यांना काय झालं गं?"

"धनाची धग लागली हाय, म्हाराज म्हन्तात."

"पाणी कुठलं घालतेस?"

"मी न्हाय, म्हाराजच घालतात. रोज सकाली समुद्राचं तीर्थ. तुमी कशाला घाबरता, मास्तर? माडाला आपुन मीठ घालतोच की!"

घ्या! माडाला मीठ मानवतं, पोफळीला नाही. आणि असल्या मशीनला तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन बादल्या आणि माझं मशीन घेऊन गेलो. हात जोडून म्हटलं, "महाराज, अंगणात धन नाही ना, तेवढी खात्री करा. म्हणजे पाटल्या निर्धास्तपणे पुरता येतील."

महाराज खूश. मशीन अंगणात फिरलं, गप्प. मी विहिरीचं पाणी ओतलं, तरी गप्प. लगेच दुसरी बादली उपडी केली, समुद्राची. मशीन ठणाणा कोकलू लागलं.

"अरे वा! माझ्या बादलीतनं हंडा आला वाटतं!" मी म्हटलं. माणसं खो खो हसली.

"नास्तिकाची सावली पडली!" महाराजांनी झोळी उचलली. मी माझं मशीन त्या झोळीवर धरलं. आकडा आला लोखंडाचा. शेजारच्या रखमाने झोळी हिसकून उपडी केली. पाटल्या बांधल्या होत्या तशीच लाल पुरचुंडी पडली, आणि आत पाइपाच्या दोन लोखंडी रिंगा. सगळे डोळे मिटले की पुरायच्या ह्या, आणि न्यायच्या त्या!

महाराज पळाले ते चप्पलही विसरले.

संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं. मला वाटलं, ठमा आभार मानेल. ती हातातल्या पाटल्यांकडे बघत पायरीवर बसली होती.

"ब्येस केलंत, मास्तर. पन आठ दिस आंगन भरलं व्हतं. तो चोर व्हता, व्हय. पन रोज इचारायचा, आई, जेवलीस का? दुसरं कोन इचारतं मला?"

घरी येऊन मी जेवलो नाही.

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला तर प्रश्न विचारा. पाणी कुठलं, झोळीत काय, डोळे का मिटायचे. पण शेजारच्या घरातही एक प्रश्न विचारत जा. आपण तो विचारत नाही, म्हणून भोंदू येऊन विचारतो.

सोमवारी सकाळी मशीन घरीच ठेवलं आणि ठमाच्या अंगणात गेलो.

"जेवलीस का गं?"

"आता? आठ वाजलं न्हाईत अजून, मास्तर!" ती हसली. "बसा. चा टाकते."