साठातले छत्तीस ग्रॅम

तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पॉइंट चार निघाली, तेव्हा मावशी घाबरल्या नाहीत, चिडल्या. एकतीस वर्षं पहाटे चारला उठून बेकरीच्या भट्टीशी उभं राहायचं, कधी आजाराची रजा मागायची नाही, आणि शरीराने असा दगा द्यायचा! डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि शेजारच्या खोलीतल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण बोलायला सरळ.

"दिवसाला साठ ग्रॅम कर्बोदकं. त्यापुढे एक दाणा नाही. काम काय करता?"

"पाव भाजते."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

बेकरीत थोरल्या मालकांनी घालून दिलेला एक नियम होता. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातला पहिला नग मुख्य कारागिराने खाऊन बघायचा, मगच माल पुढे जायचा. मुख्य कारागीर म्हणजे मावशी. दिवसाचे चार घाणे: पांढरा पाव, गव्हाचा पाव, बन आणि टोस्ट. प्रत्येकाचा चांगला जाड काप त्या उभ्या उभ्या खात आल्या होत्या.

"मग खाणं बंद करा. दुसरं कोणी बघेल."

"दुसऱ्याने बघायचं तर मी तिथे काय, शोभेला उभी राहू?"

"चावून थुंकून टाका."

"मी भाजलेल्या पावावर मीच थुंकू? आणि आंबटपणा जिभेला नाही कळत, गिळल्यावर घशाला कळतो."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, "ठीक आहे. साठ कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवा. पण लिहून ठेवायचं आणि साठ ओलांडायचे नाहीत."

एवढंच हवं होतं. तोलण्यामापण्यात मावशींचा हात धरणारा त्या रस्त्यावर कोणी नव्हता. त्यांनी वहीत हिशेब मांडला: छत्तीस ग्रॅम भट्टीचे, चोवीस घरचे. काप गेला, बोटभर तुकडा आला. चार घाण्यांचे चार तुकडे, वीस वीस ग्रॅमचे, प्रत्येकात नऊ ग्रॅम कर्बोदकं. घरी सकाळी अंडी, दुपारी कोबी नाहीतर पालक आणि मासा, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. भात नाही, बटाटा नाही, चहात साखर नाही. पहिला आठवडा डोकं ठणकलं, दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यांवर खेकसल्या, तिसऱ्यात सवय झाली. ती झाली हेही त्यांना आवडलं नाही, पण झाली.

घरी मात्र वही नवऱ्याच्या हाती लागली. नवरा निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता बायकोचं ताट मोजायला मोकळा.

"अगं, साठातले छत्तीस ग्रॅम पावावर? साखरेची माणसं पावाकडे बघतसुद्धा नाहीत!"

"अहो, साठाच्या आत आहे ना?"

"हे म्हणजे विस्तवाशी खेळ. मी मालकांशी बोलतो."

"खबरदार!" मावशी म्हणाल्या. पण नवरा घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला खबरदार म्हणून काय उपयोग? दुसऱ्याच दिवशी तो धाकट्या मालकांपुढे जाऊन सगळं ओकून आला.

धाकटे मालक मनाने वाईट नव्हते. लहानपणी मावशींच्या हातचा गरम बन खाऊन शाळेत गेलेले. त्यांनी मावशींना बोलावलं आणि दुकानाच्या काउंटरमागची खुर्ची दाखवली. गादीची खुर्ची, डोक्यावर पंखा.

"मावशी, आता इथे बसायचं. पगार तोच. गिऱ्हाइकं तुम्हाला ओळखतात."

"मला गिऱ्हाइकांनी ओळखायला नकोय, पाव ओळखला तरी पुरे. मी चांगली उभी आहे की."

"उद्या भट्टीसमोर चक्कर येऊन पडलात तर?"

"परवा तुमचा चष्मेवाला पिठाच्या पोत्याला अडखळून पडला. त्याला बसवलंत खुर्चीवर?"

चष्मेवाला म्हणजे भट्टीवरचा दुसरा कारागीर. तो आतून म्हणाला, "मला चालेल!" त्यावर कोणी हसलं नाही.

शेवटी मालकांनी अट घातली. तीन महिने बघू. पुढच्या तपासणीत आकडा सातच्या खाली आला तर भट्टी तुमची, नाहीतर खुर्ची. मावशी रागाच्या भरात "ठरलं" म्हणून मोकळ्या झाल्या.

ते तीन महिने त्यांनी डोळ्यांत तेल घालून काढले. जावयाच्या वाढदिवसाला सगळे केक खात असताना त्या काकडी चावत बसल्या. लेक म्हणाली, "आई, एक घास खा गं, काही होत नाही." त्या म्हणाल्या, "माझे घास मोजलेले आहेत आणि ते मी कामावर खाते." लेकीला ते लागलं. मावशींनाही लागलं, पण त्यांनी घास घेतला नाही.

आणि आकडा आला सात पॉइंट दोन.

मावशी कागदाकडे बघतच राहिल्या. आहारतज्ज्ञ बाई मात्र खूश. "अहो, नऊ चारवरून सात दोन! टाळ्या वाजवायच्या सोडून तोंड का पाडलंय?"

"मी साठ ओलांडले नाहीत. एकदाही नाही. मग हे सहा का नाही?"

बाईंनी वही मागितली. पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "वीस ग्रॅम टोस्टमध्ये नऊ ग्रॅम कर्बोदकं? हे कसं काढलंत?"

"मळलेल्या पिठाच्या मापावरून. हजार मैदा, साडेसहाशे पाणी, वरून मीठ, यीस्ट. वीस ग्रॅम गोळ्यात मैदा बारा, त्यात कर्बोदकं नऊ."

"गोळ्यात. पण तुम्ही गोळा खात नाही, टोस्ट खाता. टोस्टमधलं पाणी कुठे गेलं?"

मावशींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बेकरीत जे काही तोलतात ते भट्टीत जाण्याआधी तोलतात. बाहेर आलेला माल नगावर मोजतात. एकतीस वर्षांत त्यांनी भाजलेला पाव काट्यावर कधी ठेवलाच नव्हता. तुकडा तोलला होता, पण हिशेब ओल्या गोळ्याचा लावला होता. पाणी उडालं होतं, मैदा सगळा आत होता. पावात थोडा फरक, टोस्टमध्ये दीडपटीहून जास्त. रोज दहा ग्रॅम वर जात होते. असा हिशेब एखाद्या शाळामास्तराचा चुकला नसता, ओलं तोलणाऱ्या भट्टीवालीचाच चुकायचा!

"हात्तिच्या!" त्या स्वतःवरच खेकसल्या. मग विचारलं, "तुकडे लहान केले तर?"

"तर बसेल साठात," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर नवरा वाट बघत होता. कागद बघून त्याचाही चेहरा उतरला. तीन महिने त्याने बायकोला बघितलं होतं: भाताच्या पातेल्याकडे पाठ करून जेवताना, झोपण्याआधी वही लिहिताना. रस्ता ओलांडताना तो हळूच म्हणाला, "मालकांना सहा पॉइंट नऊ सांग. कागद कोण मागतंय?"

मावशी फुटपाथवर थांबल्या. "चुगली करणारे तुम्हीच ना?"

"मीच. मला वाटलं, तू मरशील." त्याने नजर रस्त्याकडे वळवली. "आता वाटतं, त्या खुर्चीवर बसवलं तर आधी मरशील."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना रागही आला. "खोटं नाही सांगायचं," त्या म्हणाल्या. "चला."

बेकरीत टोस्टचा घाणा भट्टीत होता. मावशींनी मालकांच्या हातात कागद ठेवला आणि चूक कुठे झाली ते चष्मेवाल्यासमोर, नवऱ्यासमोर, अगदी साडेसहाशे पाण्यासकट सांगितलं. मालकांनी मान खाली घातली.

"मावशी, सात ठरलं होतं. तुम्हीच हो म्हणालात."

"म्हणाले, आणि तीच माझी मोठी चूक. टोस्टची चूक त्यामानाने लहान." मावशींनी एप्रन गळ्यात अडकवला. "माझ्या रक्ताचा आकडा डॉक्टर बघतील, त्या बाई बघतील, हे बघतील. तुम्ही पाव बघा. तीन महिन्यांत माझा एक घाणा परत आला?"

मालकांनी कागदाची घडी घातली.

"एक बन कच्चा निघाला?"

"नाही."

"ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी खुर्ची मीच ओढून घेईन, तुम्हाला सांगावंही लागणार नाही. तोवर आजारी मी आहे, पाव नाही. तो गादीचा मान मला नको."

"आणि पुढचा आकडा वाढला तर?"

"तर तोही असाच आणून दाखवीन. उभी राहून."

तेवढ्यात चष्मेवाल्याने टोस्टचा ट्रे बाहेर ओढला. सवयीने त्याने मावशींकडे बघितलं, मग मालकांकडे, मग पुन्हा मावशींकडे. मावशींनी कोपऱ्यातला एक टोस्ट उचलला, काट्यावर ठेवला, सुरीने तोडला, पुन्हा ठेवला. बारा ग्रॅम. दाताखाली धरला. भट्टीचा आवाज तेवढा येत होता. त्यांनी चावला, गिळला आणि क्षणभर डोळे मिटले.

"मधे ओल आहे. चार मिनिटं अजून."

चष्मेवाल्याने हात पुढे करायच्या आत धाकट्या मालकांनी भिंतीवरचं फडकं ओढलं, गरम ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि "हो, मावशी" म्हणत भट्टीत परत ढकलला.