हाताखालचं लाल लाकूड

मास्तरीणबाईंनी गिटार टेबलावर ठेवली आणि उजवी बाही वर केली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, चार बोटं रुंदीचा लाल पट्टा उठला होता. बारीक पुरळ, त्यावर खाजवल्याचे ओरखडे.

"तुमची गिटार मला चावते," त्या म्हणाल्या.

बाई मुलांना गिटार शिकवतात. ही गिटार मी त्यांच्यासाठीच घडवली होती, महिन्यापूर्वी हातात दिली होती. अकरा वर्षांनी त्या पुन्हा लोकांसमोर बसून वाजवणार होत्या. त्याला नऊ दिवस उरले होते.

मी हसण्यावारी नेलं. "उन्हाळा आहे बाई. घामोळं असेल."

"घामोळं काय पट्टीने मोजून उठतं, मामंजी?" सूनबाई मागून म्हणाली. ती माझ्याच कारखान्यात तारा आणि खुंट्या बसवते. तिने बाईंचा हात अलगद गिटारीच्या कडेजवळ धरला. वाजवताना हात टेकतो तेवढीच कड आणि तेवढाच पट्टा. इंचाचाही फरक नाही.

ती कड कोकोबोलोची. परदेशी लाकूड, गडद लाल, काळ्या रेषांचं, वजनाला दगड. आम्ही घरात त्याला लालोबा म्हणतो. दुसरे कारागीर तिथे लाखेचं पॉलिश देतात. मी देत नव्हतो. माझी रीत अशी की हात टेकतो तिथे फक्त जवसाचं तेल, आणि शेवटचा हात उघड्या तळव्याने माझा. तळवा तापेपर्यंत चोळायचं. गिऱ्हाईकं त्या कडेवर हात फिरवून म्हणायची, "काय मऊ आहे हो!" आणि मी आठवडाभर फुगून हिंडायचो.

सूनबाईने पांढरं फडकं घेऊन कड पुसली. फडकं लाल झालं.

"तेल वाळलंच नाहीये."

हे मला माहीत होतं. सहा हात दिले, वाळेना म्हणून सातवा दिला. लालोबाच्या अंगातच इतकं तेल की वरचं तेल तो वाळू देत नाही. पण सुनेपुढे कोण कबूल करणार? "लाकूड जिवंत असतं," मी म्हणालो. "त्याला घाम येतो."

"घाम त्याला, पुरळ बाईंना. छान वाटणी आहे."

माझं डोकं फिरलं. मी खोक्यातून लालोबाचा कोरा तुकडा काढला आणि रुमालाने स्वतःच्या मनगटावर करकचून बांधला. "दोन दिवस राहू दे. सहा वर्षं मी याला चोळतोय. लाकडात खोट असेल तर आधी मला दिसेल."

मनगटांना खाज मलाही होती, दोन वर्षांपासून. पण ती मी अंघोळीच्या साबणावर ढकलली होती. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचो आणि बायकोशी साबणावरून भांडायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारीच रुमाल सोडावा लागला. मनगट घोट्याएवढं सुजलं होतं आणि तुकड्याच्या आकाराचा, चारी कोपरे नीट असलेला फोडांचा चौकोन उठला होता.

बायको आधी घाबरली, मग चिडली. "अहो, तीन साबण बदलायला लावलेत मला! दुकानदार म्हणायला लागला, घरात कोण महाराणी आहे?" मलम लावता लावता पुटपुटली, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

डॉक्टरांनी फोड पाहिले, लाकडाचा तुकडा पिशवीतूनच पाहिला आणि सांगितलं, "हे आता कायमचं बंद. धूळसुद्धा नको. दर वेळी जास्तच होईल."

सात दिवस उरले. ती कड बदलायची तर गिटार फोडावी लागली असती. लाख देऊन तेल आत कोंडायचं, एवढीच वाट होती, आणि मला माझ्याच कारखान्यात मज्जाव. सूनबाई हातमोजे आणि धुळीचा मास्क लावून आत. मी काचेच्या दाराबाहेर स्टुलावर.

तिने स्पिरिटने कड पुसायला घेतली. फडकं लाल. दुसरं लाल. सातवं जेमतेम गुलाबी.

"आता लगेच लाख!" मी काचेवर थाप मारली. "थांबलीस तर तेल परत वर येईल!"

"दार बडवू नका, माझा हात हलतो!"

"पातळ लाव!"

"पातळच आहे!"

"कोरडं घासू नकोस, धूळ उडेल!"

तिने मास्क खाली न करता डोळ्यांनीच मला गप्प केलं. तिची लाखेचा बोळा फिरवायची पद्धत माझ्यासारखी नव्हती. मी लांब ओढतो, ती छोटे छोटे फेरे घेत होती. माझे हात शिवशिवत होते, खाजेने की रागाने ते कळत नव्हतं. तीन दिवस मी त्या स्टुलावर बसून माणसाने स्वतःच्या घरात पाहुणं होणं काय असतं ते पाहिलं. बायको चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "घ्या, पहारेकरी."

तिसऱ्या दिवशी सूनबाईने पांढरं फडकं कडेवर जोर लावून घासलं आणि काचेला चिकटवून दाखवलं. पांढरंच होतं.

"तरी गिटार इतक्यात द्यायची नाही," ती म्हणाली. तिने लालोबाच्या एका तुकड्यालाही तसेच लाखेचे सगळे थर दिले होते. तो डॉक्टरांना विचारून बाईंच्या डाव्या हाताला चिकटपट्टीने लावला. "तुमचीच युक्ती आहे, मामंजी. फक्त शहाण्या बाजूने."

दोन दिवसांनी बाई आल्या. काचेच्या दाराबाहेर पट्टी निघाली तेव्हा आम्ही तिघं त्यांच्या हातावर वाकलो होतो. खाली फिकट चौकोन, चिकटपट्टीचा वळ. बाकी कातडी स्वच्छ. बाईंनी उजव्या हाताचा पट्टा पाहिला, तोही उतरत आला होता. मग आत जाऊन गिटार मांडीवर घेतली, हात टेकवला आणि बराच वेळ वाजवलं. मी काचेबाहेरूनच ऐकलं.

वाजवून झाल्यावर त्या गिटार घेऊन दाराशी आल्या. "शेवटचा हात तुमचा असतो ना?"

मी हात पुढे केला.

"अहो!" बायको ओरडली.

मी हात बाहीत ओढून घेतला. सूनबाईने मोजा काढला आणि उघड्या तळव्याने कड चोळली, छोटे छोटे फेरे घेत.

"पूर्वीइतकी मऊ नाही लागणार," मी म्हणालो.

"चावत तर नाही," बाई म्हणाल्या आणि गिटार पेटीत ठेवून गेल्या.

लालोबाच्या अकरा फळ्या उरल्या आहेत. बायको म्हणाली, जाळून टाका. मी म्हणालो, धूर तुझा बाप घेणार का? शेवटी सूनबाईने त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवल्या. चिठ्ठी मी लिहिली, मोठ्या अक्षरात: मालकाने हात लावू नये.