आचलच्या लग्नातला फ्लेक्स

अश्विनचं कौतुक आयकलं का माह्या अंगाची लाही लाही होते. लपवून काय करू? अश्विन म्हणजे माह्या मोठ्या जावेचा, पार्बताबाईचा पोरगा. तो अन् माहा नितेश एकाच साली झाले, भातकुलीच्या एकाच शाळेत गेले, माह्याच हातच्या भाकरी खाऊन वाढले. अश्विन शिकत शिकत पार विदेश खात्यात पोचला, परदेशातल्या आपल्या वकिलातीत साहेब होऊन बसला. नितेश बारावीत नापास झाला अन् अकोल्यात फ्लेक्स छापाचं दुकान टाकून बसला. म्हणजे एकाचा फोटो लोकायनं छापावा, अन् दुसऱ्यानं जलमभर लोकायचे फोटो छापावे. देवानं एवढं बी उघड उघड करू नये.

पार्बताबाई तोंडानं कधी वाईट बोलत नाई, तेच तं दुखणं हाये. भाजी निसता निसता इचारते, नितेशचं बी बरं चाललं असन न? मी हो म्हणते, अन् मेथीच्या काड्या पानासकट फेकून देते.

यंदा आचलचं, माह्या पोरीचं लग्न जमलं. वलगावचं मंगल कार्यालय ठरलं. मले वाटलं, चला, एक दिवस तरी घरात माह्या लेकरायचं नाव निंघन. लग्न आठवड्यावर आलं अन् अश्विनचा फोन आला. काकू, येणं जमत नाई, माफ करजा, म्हणे. मी मनात म्हटलं, लय बरं झालं. मंग त्यानं कारण सांगतलं. तो ज्या देशात हाये, तो देश आपल्या भारताच्या शेजाऱ्याले बॉम्ब टाकणारे ड्रोन विकाच्या तयारीत हाये. मी आंधी लग्नात फोटो काढते तेच ड्रोन समजली. तो हासला बी नाई. ते ड्रोन त्यायनं विकू नये म्हणून अश्विन अन् त्याचे साहेब कित्येक महिन्यापासून तिथल्या मंत्र्यायच्या पायऱ्या झिजवून राहिले होते, अन् शेवटची बैठक नेमकी लग्नाच्याच दिवशी आली होती.

"काकू, ते मानत आले हायेत," तो म्हणे. "पण त्यायनं सोताहूनच विक्री थांबवली, असं दिसाले पायजे. आपलं नाव भाईर आलं का तिथले लोक म्हणतीन, भारतापुढे वाकले. मंग ते जिद्दीनं विकतीन. बाबाले मी सांगून बसलो, अन् बाबा गावभर करतीन. तुमी आवरा त्यायले. ते तुमचंच आयकतात."

मी हो म्हटलं. अन् ते खरं बी हाये. वामनराव, म्हणजे अश्विनचे बाबा, माहे भासरे, बायकोचं आयकत नाईत, पण माह्या शब्दाले मान देतात.

दोन दिवसानं वामनराव घरी आले ते मनसुबा घेऊनच. आमच्याकडे गेटवर फ्लेक्स नसला तं लग्न झालं असं कोणी मानत नाई. तं गेटवर अश्विनचा पुऱ्या उंचीचा फोटो लावाचा, सुटाबुटातला, अन् खाली लिहाचं, 'परदेशाची शस्त्रविक्री रोखणारा वऱ्हाडचा वाघ'. आमदार येणार, मोबाईलवर बातम्या देणारे पोट्टे येणार, सारे फोटो काढतीन. छापाले नितेश घरचाच हाये. बोलता बोलता त्यायचे डोये भरून आले.

मी इचारलं, आचलचा फोटो कुठं राहीन? खाली कोपऱ्यात बसवू, म्हणे.

माह्या पोरीच्या लग्नात गेटवर अश्विन! एका शब्दाचं काम होतं. अश्विननं नको म्हटलं, एवढं बोलली असती तं ते मुकाट्यानं उठून गेले असते. मी तो शब्द गिळला. म्हटलं, पडू दे अश्विनले एकदा तोंडावर. खाऊ दे साहेबायच्या शिव्या. एक दिवस तरी पार्बताबाईनं भाजी निसताना मान खाली घालावी. ड्रोन कुठं जाऊन पडतीन, कोणाच्या पोरायवर पडतीन, ह्याचा इचार माह्या मनाले शिवला बी नाई.

"मोठाच बनवा," मी म्हटलं. "लांबून दिसला पायजे."

मले काई पस्तावा बिस्तावा झाला नाई. उलट त्या दिवशी बुंदीचे लाडू वळताना मी गाणं म्हणत होती. बाया म्हणे, पोरीच्या लग्नाचा आनंद दिसून राहिला.

लग्नाच्या सकाळी नितेश अकोल्याहून टेम्पो घेऊन आला. गेटवर फ्लेक्स चढला. त्याच्यावर आचल अन् जवाई श्याम, बस. अश्विनचा कुठं पत्ताच नाई. वामनराव लालेलाल झाले. नितेश म्हणे, मशीन बिघडली. पण रस्त्यावर श्यामच्या दोस्तायचे ताजे फ्लेक्स उभे होते, अन् साऱ्याच्या खाली नितेशच्याच दुकानाचं नाव होतं. वामनरावनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवढ्यात पार्बताबाई पुढं झाली. जवायाकडची सारी मंडळी उभी होती.

"जाऊ द्या न," पार्बताबाई म्हणे. "भावाचं चांगलं नाई पाहवत एखाद्याले. जळते बिचारा."

चार लोक हासले. नितेश टेम्पोतल्या खुर्च्या उतरवाले लागला. मी त्याले हाताले धरून मागं नेलं, जिथं पुऱ्या तळणं चालू होतं. म्हटलं, काहून नाई छापलं?

"अश्विनचा फोन आला होता," तो म्हणे. "म्हणे काकू बाबाले थांबवतेच, तरी तू बी ध्यान ठेव. मंग मोठ्या बाबानं फ्लेक्सचा मजकूर धाडला. मी म्हटलं, आईशी बोलले का? तं म्हणे, तुह्या मायनंच मोठा बनवाले सांगतला. तुले मालूम होतं, आई?"

मी पुऱ्या तळणाऱ्या बाईले म्हटलं, तेल लय तापलं हाये. नितेशनं पुन्हा इचारलं नाई. तो मांडवात निंघून गेला.

इतके वर्षं मले वाटे, माहा पोरगा बी आतून माह्यासारखाच जळत असन, फक्त बोलत नाई. मी त्याच्याच वाटचं जळते, असं मी मले समजावत होती. तो कधी जळतच नोता. मी एकटीच जळत होती.

लग्न लागलं. नवरा-नवरी जेवाले बसले अन् नितेशच्या फोनवर अश्विनचा चेहरा आला. डोये सुजलेले, पण हासून राहिला होता. आचलले आशीर्वाद दिला, श्यामशी बोलला. मागं वामनराव अन् पार्बताबाई येऊन उभे राहिले. अश्विन म्हणे, काम झाल्यासारखंच हाये, बाकी काई इचारू नका. मंग त्यानं मले पुढं बोलावलं.

"काकू, तुमी बाबाले आवरलं म्हणून जमलं," तो म्हणे. "तुमचे लय उपकार हायेत."

वामनराव माह्याकडे पाहाले लागले. फोन नितेशच्या हातात होता, अन् तो फोनकडेच पाहत होता. त्यानं कोणाले काई सांगतलं नसतं. या घरात जलमभर जळका म्हणून राहिला असता, अन् तरी सांगतलं नसतं. असू दे रे बापा, एवढंच म्हणाचं होतं मले. माह्या जिभेवर आलं बी होतं.

"मी नाई आवरलं," मी म्हटलं. "मी तं मोठा बनवा म्हटलं. नितेशनं थांबवलं. या घरात जळते ते मी जळते जाऊबाई, माहा पोरगा नाई."

पार्बताबाईच्या हातातली बुंदीची परात तशीच राहिली. नितेशनं फोन दुसऱ्या हातात घेतला अन् म्हणे, आई, तू जेवली नाई अजून.

तरी बी खरं सांगते, त्या घडीले बी मले अश्विनचा हेवाच वाटला. त्याले नितेशसारखा भाऊ होता.