पुलावरच्या गप्पा

अंगद वैजापूरकडून शहरात आला आणि हर्सूलच्या पुढं, कालपरवापर्यंत जिथं ज्वारी उभी असायची तिथल्या एका नव्या इमारतीत राहू लागला. इमारतीचं नाव 'गंगासागर'. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही त्याच्या मर्जीनं. शेजारी कोण राहतं याचा अंगदला अजून पत्ता नव्हता. ओळखीची म्हणावीत अशी दोनच माणसं, आणि ती मोबाइलमध्ये राहायची. 'रणगाडा' नावाच्या जुनाट लढाईच्या गेममध्ये.

एक कन्नड तालुक्यातला कडूबा. तो मेंढरं चारता चारता खेळायचा. दुसरी सुकेशनी, वैजापूरच्या बाजारात कांद्याच्या आडतीवर काम करणारी. दोघांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

गेममधली झाडं चौकोनी होती आणि नदीवरच्या पुलावर आलं की गेम हमखास अडकायचा. शत्रूचाही अडकायचा. मग तोफा थंड, आणि दोन्ही सैन्यांच्या गप्पा सुरू. कुणाच्या गावात टँकर आला नाही, चारा कुठं मिळतो, कुणाचं लग्न मोडलं. कंपनीनं हा पूल कधी दुरुस्त केला नाही, हेच तिचे खेळाडूंवरचे सगळ्यात मोठे उपकार.

अंगदच्या कारखान्यात सत्यम नावाचा एक प्रगत माणूस होता. जुनं काही वापरणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं अंगदला नवा गेम घ्यायला लावला. त्यातल्या नदीचं पाणी इतकं खरं दिसायचं, की अंगदची बायको दिपाली मागून डोकावून म्हणाली, "दोन हंडे भरून घेता येतात का बघा."

नवा गेम कुठंच अडकत नव्हता. त्यामुळं कुणी कुणाशी बोलतही नव्हतं. रोज नवी माणसं यायची, अंगदला स्वच्छ आवाजात हिंदीतून शिव्या घालायची आणि निघून जायची. थोड्याच दिवसांत सत्यमला हाही गेम जुना वाटू लागला आणि तो तिसऱ्याकडं गेला.

अंगद गुपचूप 'रणगाडा'त परतला. ते दोघं तिथंच होते. रोज मन लावून हरत होते. इतके दिवस नेटवर्क नव्हतं, असं त्यानं सांगितलं.

"व्हय का," कडूबा शांतपणे म्हणाला. "तुमच्या नावाखाली रोज दिसायचं, कोणता गेम खेळताय ते."

अंगद खजील झाला. आपल्या जागी तिसरा गडी का घेतला नाही, असं त्यानं विचारलं.

"घेतला व्हता. लई भारी खेळायचा. पण पुलावर गेलं की बोलायचा नाय, नुसती बटणं दाबायचा. काढला."

त्या उन्हाळ्यात कन्नडकडं चारा उरला नाही. कडूबा मेंढरं घेऊन हर्सूलच्या तलावाकडं आला आणि अंगद सुट्टीच्या सकाळी त्याला भेटायला गेला. त्यानं मनात बरंच काही ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात दोघांनी रामराम केला, पाऊस नाही यावर एकमत झालं, आणि बोलणं संपलं. अंगद मेंढरांकडं बघत राहिला, कडूबा उंच इमारतींकडं. इतका अनोळखी माणूस दोघांनाही आजवर भेटला नव्हता.

शेवटी कडूबानं मोबाइल काढला. अंगदनंही काढला. एका बाभळीखाली पाठीला पाठ लावून ते बसले आणि गेममध्ये शिरताच त्यांना कंठ फुटला. कडूबा लेकीच्या शाळेचं सांगू लागला, अंगद 'गंगासागर'च्या कोरड्या नळांचं.

तिकडून सुकेशनीनं मधेच विचारलं, "अंगदभाऊ, तुमच्याकडं पण मेंढरं कशी काय ओरडायला लागली?"