किटलीतली शीळ

नोरीन बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तेवढ्यात वरच्या झाडीतून एल्कच्या, म्हणजे थोराड रानहरणाच्या, नराची शीळ आली. इतक्या जवळून आली की तिच्या दातांत झिणझिण्या उठल्या. सुरुवातच वरच्या पट्टीतली, मग ती आणखी चढत गेली, पार सुईच्या अग्राएवढी बारीक झाली आणि तुटली. नाडी हातात तशीच धरून नोरीन थिजली.

चार पावलांवर तिचे वडील, वेंडेल, ओंडक्याला टेकून सुक्या मांसाचा तुकडा चघळत उभे होते. ते चघळतच राहिले.

तिला आधी वाटलं, मुद्दाम हलले नसतील. हयात गेली माणसाची या डोंगरात धनुष्य घेऊन हिंडण्यात. ती हलकेच उभी राहिली आणि शीळ आली होती तिकडे तिने मान वळवली. त्याबरोबर वडिलांचा जबडा थांबला. बोट वर गेलं.

"ऐकलास?" ते कुजबुजले. "वर, डाव्या अंगाला. म्हाताऱ्याचे कान बघ अजून."

नोरीनने मान हलवली. पण वारा पाठीमागून मानेवर यायला लागला होता. नराला यांचा वास गेला असणार, कारण वर एक फांदी कडाडली, दगड घरंगळले आणि झाडी पुन्हा गप्प झाली. वेंडेलनी वाऱ्याला एक सणसणीत शिवी दिली आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला.

शीळ आली तरी ते चघळतच राहिले होते, दिवसभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं. तंबूतल्या शेगडीचं दार करकरलं, खालच्या रस्त्यावर ट्रक गेला, सगळं ऐकू यायचं. मग बारीक तेवढंच गेलं होतं की काय? यंदा नराला बोलवायला मादीचा आवाज काढताना त्यांचा वरचा सूर फाटत होता. ती समजत होती, नव्या कवळीमुळे. आणि आठवायला गेली तर या मोसमात, गेल्या मोसमातसुद्धा, शीळ आल्यावर बोट दाखवायचे तेच, पण तिची मान वळल्यावर. पहिल्यांदा ते कधीच बोलले नव्हते.

तिने खात्री करून घ्यायला नको होती. पण राहवलं नाही. दुपारी स्प्रूसच्या सुईपानी झाडांच्या गर्द रानातून चालताना चिटपाखरूही बोलत नव्हतं, तेव्हा ती एकदम थांबली आणि उजवीकडे, ओढ्याच्या उतारावर, मान वळवून बघत राहिली. तिकडे काहीसुद्धा नव्हतं.

"हं," वेंडेल म्हणाले. त्यांचे डोळे लकाकले. "खाली. ओढ्यापाशी. मोठा आहे गं, आवाजावरूनच कळतं."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण म्हातारा निघालासुद्धा, बाटलीतली पावडर हवेत फुंकून वारा बघत, वाकून, मांजराच्या पावलांनी. मग तीही निघाली. दुसरं काय करणार? ओढ्यापाशी ते एका खोडामागे बसले, आवाज काढायची रबराची पट्टी तोंडात टाळूला लावली, भोंगा ओठांना लावला आणि मादीचे आवाज काढायला लागले. नोरीन पुढे जाऊन उभी राहिली. धनुष्याच्या दोरीला बाण लावून ती रिकाम्या झाडीकडे बघत होती आणि मागे तिचा बाप जीव ओतून नसलेल्या नराला बोलावत होता. तिला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

"हुशार निघाला," बऱ्याच वेळाने वेंडेल म्हणाले. "आला नाही."

"हुशारच होता," ती म्हणाली.

चढ चढताना ते झाडाझाडाला धरून थांबायला लागले. ती त्यांचं धनुष्य घ्यायला गेली तर त्यांनी दिलं, आणि त्यांनी ते निमूट दिलं याचंच तिला भय वाटलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"छातीत दुखतंय का, बाबा?"

"छातीबितीत काही नाही. दम लागलाय. तुझ्या आजीसारखी चौकशी करू नकोस."

थोडं वर गेल्यावर ते एका झाडामागे गेले आणि त्यांना उलटी झाली. मग बुटाने झाडाच्या गळलेल्या सुया लोटून त्यांनी ती झाकली आणि काही झालंच नाही असे पुढे चालायला लागले.

तळावर बर्था वाट बघत उभी होती. बर्था म्हणजे खेचर. वेंडेलनी तिला सासूचं नाव ठेवलं होतं. सासूबाई आधी चिडल्या, मग मरेपर्यंत न चुकता तिच्यासाठी गाजरं पाठवत राहिल्या. वेंडेल आधी तिच्यापाशी गेले, तिच्या मानेवर कपाळ टेकून श्वास घेत राहिले. नोरीन लहान असताना ते तिला सांगायचे, रानात काही कळेनासं झालं तर आधी खेचराचे कान बघ, मग मला विचार.

संध्याकाळी शेगडीवर घेवडा आणि मांसाचे तुकडे रटरटत होते. वेंडेल पाय पसरून बसले होते. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

"रॉडनीचा फोन आला होता, निघायच्या आधी," नोरीन म्हणाली. रॉडनी तिचा भाऊ, शहरात राहणारा. "तुमच्यासाठी बघितलेली ती खोली मिळाली म्हणाला. खाली नर्स असते चोवीस तास."

"आणि बर्थाला गिऱ्हाईक."

"तेही म्हणाला."

"मग झालं की. बाप आणि खेचर एकाच दिवशी खपले." त्यांनी चमच्याने भांडं खरवडलं. "मी येतो म्हटलंय ना त्याला? येईन. रॉडनी म्हणेल त्या खुराड्यात राहीन, ताटातलं गिळगिळीत जेवीन. पण त्याच्या आधी एक नर. एकच. हाक मारून तुझ्यापुढे आणून उभा करतो, तू बाण सोड. मग मला काही नको."

"उद्या तळ उठवायचाय, बाबा."

"उठवू की. जाताना किटलीच्या काठाने जायचंय. किटलीत कोणी बोललं, तर किटलीत उतरायचं."

किटली म्हणजे पलीकडची खोल घळ. सकाळी तिच्यातून वाफ निघाल्यासारखं धुकं वर येतं म्हणून तसं नाव पडलं. तळाशी वणव्यात जळून आडवी पडलेली झाडं काडेपेटी सांडल्यासारखी पसरलेली. खेचर तिथे उतरत नाही. तिथे एल्क पाडला तर सगळं मांस पाठीवर वाहून काढावं लागतं, एकामागून एक खेपा, आणि तिचे वडील आपलं ओझं दुसऱ्याला उचलू देणाऱ्यांतले नव्हते.

"किटलीत मागे उतरलो होतो तेव्हा मी तुम्हाला शेवटी वर ओढलं होतं," ती म्हणाली.

"मी तुला ओढलं होतं."

"बरं, तुम्ही मला. पण तेव्हा गुडघे तुमचे होते. आता ते कुणाचे आहेत देव जाणे."

वेंडेल हसले. मग हसू ओसरलं आणि ते तिच्याकडे बघत राहिले. "मी उतरणार, नोरी. तू येणार नसलीस तरी उतरणार."

ते खोटं बोलत नव्हते, तिला माहीत होतं. त्यांना ऐकू येत नाही हे आत्ता सांगितलं तर? तिने तोंड उघडलंही. पण शेगडीच्या उजेडात त्यांचा तो वाकडा, सुजलेला पाय दिसला. ते सांगणं म्हणजे रॉडनीच्या आधी आपणच त्यांना डोंगरावरून उतरवणं. त्यापेक्षा तिने त्यांच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

सकाळी तंबू गुंडाळला, सामान बर्थावर चढवलं. अ‍ॅस्पेनच्या झाडांची पानं पिवळी होऊन गळत होती. किटलीच्या काठाशी पोचेपर्यंत दोघंही थकून गेली, अजून अर्धी वाटही झाली नव्हती. वेंडेल एका दगडावर बसले, तिच्याकडे तोंड करून. नेहमी तसेच बसायचे. इतकी वर्षं ती त्याला माया समजत आली होती. आजही तिला ती मायाच वाटली, पण तेवढीच नाही.

नोरीन बर्थाच्या पाठीवरचा दोर आवळायला लागली. दोर घट्टच होता.

तेव्हा किटलीतून शीळ आली.

खालून, धुक्याच्या आतून, लांब आणि स्वच्छ. असा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मोठा नर होता, आवाजावरूनच कळत होतं. तिची मान आपोआप वळायला निघाली आणि तिने ती धरून ठेवली. नजर दोराच्या गाठीवर. हात हलते. बाप बघतोय, तिला जाणवत होतं, चेहऱ्यावर उन्हाची तिरीप जाणवावी तसं. दुसरी शीळ आली. तिने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. आपण बापाच्या हातातला शेवटचा घास काढून घेतोय हे तिला चांगलं कळत होतं, आणि तरी ती गाठ बांधत राहिली.

"काही ऐकलंस?" वेंडेलनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला हे विचारलं होतं.

"नाही."

तिने वर पाहिलं तेव्हा ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. बर्थाने तोंडातलं गवत चघळायचं थांबवलं होतं. तिचे दोन्ही लांब कान ताठ उभे राहून किटलीकडे वळले होते.

नोरीनचे हात दोरावरच राहिले.

वेंडेल गुडघ्यावर हात रेटून उठले. काठापर्यंत गेले. ती त्यांच्यामागे धावणार होती, दंडाला धरणार होती, पण ते काठावरच थांबले. खिशातून रबराची पट्टी काढून त्यांनी टाळूला लावली, भोंगा उचलला आणि खालच्या धुक्यात मादीची हाक सोडली. वरचा सूर फाटला. पुन्हा एकदा. मग भोंगा खाली घेऊन ते वळले आणि बर्थाकडे बघत उभे राहिले.

खालून नराने उत्तर दिलं. अख्खी घळ भरून गेली.

बर्थाचे कान थरथरले आणि आणखी पुढे झुकले. वेंडेल ते बघत राहिले, कान पुन्हा सैल पडेपर्यंत. त्यांनी पट्टी तोंडातून काढून पँटला पुसली आणि भोंगा बर्थाच्या पाठीवरच्या सामानात, तंबूच्या घडीखाली खोचून टाकला.

"चल," ते म्हणाले. "हा पाय काही आज किटलीबिटलीत जायचा नाही. आणि तिथे काही नाहीये, तू म्हणतेस तर."

"बाबा..."

"रॉडनीला फोन कर खाली गेल्यावर." त्यांनी बर्थाचा एक कान मुठीत धरून मुळाशी खाजवला. "त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं. हिला तुझ्याकडे ठेव. कान चांगले आहेत हिचे."

नोरीनने हो म्हटलं आणि बर्थाचा दोर हातात घेतला. उतार सुरू झाला तेव्हा वेंडेलनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खाली पोचेपर्यंत काढला नाही.